तिची चाचणी, माझी उत्तरं

"चला, निघतो आता," असं पाहुण्यांनी म्हटलं की ती उठायची आणि दार उघडायची.

नुसतं दार उघडून थांबायची नाही. चपलांच्या ढिगातून तुमच्या चपला ओळखून बाहेर काढायची, त्यांची तोंडं लिफ्टकडे करून ठेवायची आणि लिफ्टचं बटण दाबून परत दारात येऊन उभी राहायची. आता तुम्हीही मराठी, मीही मराठी. आपल्यात "निघतो आता" म्हणजे काय, हे कुणी शिकवावं लागत नाही. "निघतो" म्हणजे आणखी अर्धा तास सोफ्यावर, मग वीस मिनिटं उंबऱ्यात, मग लिफ्टचं दार पायानं अडवून मुलांच्या परीक्षा. सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकमध्ये एक जोडपं "निघतो" म्हणाल्यापासून खरोखर निघेपर्यंत त्यांच्या पोरीचा हलणारा दात पडून नवा आला, हे मी शपथेवर सांगते. पण हिच्या घरून माणूस "निघतो" म्हणाला की तिसऱ्या मिनिटाला इमारतीखाली, आपलं नेमकं काय चुकलं याचा विचार करत उभा.

जेवणाचंही तेच. "आणखी एक पोळी?" ती विचारायची. पाहुणी रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणायची. पोळी परत डब्यात. पाहुणी डब्याकडे बघत राहायची, आणि ही पाहुणीकडे. "नको म्हणालात ना?"

हे वाक्य मी तिच्या तोंडून लाखभर वेळा ऐकलं असेल. पहिले सहा महिने मी तिच्याकडून उपाशी परत येत होते आणि अकराव्या मजल्यावरच्या माझ्या घरी येऊन उभ्याउभ्या ब्रेड खात होते. ती नवव्या मजल्यावर. मग एके दिवशी भुकेनं माझी अब्रू गेली आणि मी पहिल्याच विचारण्याला "हो" म्हटलं. तिनं पोळी वाढली. पुन्हा "हो". पुन्हा पोळी. सात पोळ्या झाल्यावर मी "बास" म्हटलं, आणि तिनं डब्याचं झाकण लावलं. ना तिला आश्चर्य, ना मला लाज. परदेशात राहून मी इतकं पोटभर कुणाकडे जेवले नाही.

तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ती हे वाचेल आणि दुरुस्त्यांची यादी पाठवेल.

आम्ही दोघी आंग मो किओच्या एकाच कंपनीत होतो. दवाखान्यांत, सरकारी खिडक्यांसमोर नंबराच्या चिठ्ठ्या देणारी यंत्रं असतात ना, ती आमची कंपनी बनवायची. या गावात माणूस जन्मतो तोच हातात नंबर घेऊन, तेव्हा धंदा तेजीत होता. मी ती यंत्रं विकायचे आणि ती त्यांतलं सॉफ्टवेअर तपासायची. म्हणजे मी ग्राहकाला सांगायचे की यंत्र चार भाषांत बोलतं, म्हाताऱ्यांना ओळखतं आणि डॉक्टरला उशीर झाला तर रुग्णाची समजूत काढतं. मग ती मला कॅन्टीनमध्ये गाठायची. "यंत्र दोन भाषांत बोलतं. तमिळ सुरू केलं की बंद पडतं. समजूत काढत नाही. तू असं का सांगितलंस?"

"अगं, विकायला नको?"

"पण ते तसं करत नाही."

एकदा तर तिनं ग्राहकासमोरच केलं. एका मोठ्या दवाखान्याची माणसं आली होती. मी म्हटलं, शेकडो ठिकाणी लागलंय आमचं यंत्र. ती कोपऱ्यातून म्हणाली, "एकवीस. त्यातली दोन सध्या बंद आहेत." खोलीतल्या एसीलासुद्धा खोकला आला. त्या दवाखान्याच्या बाईंनी वही मिटली, तिच्याकडे वळल्या आणि यंत्रात आणखी काय काय चालत नाही ते विचारलं. तिनं वीस मिनिटं सांगितलं. ऑर्डर आली. माझा बोनस झाला. तिला वाटलं, मी चिडले असेन म्हणून तिनं विचारलं, "तू चिडलीस का? मला कळलं नाही." असं ती खरंच विचारायची. दर महिन्याला एकदा तरी.

माझ्यासाठी तिनं एक सूत्र काढलं होतं. निरीक्षणातून. "तू सांगतेस त्या आकड्याला सातानं भागलं की बरोबर येतं," ती म्हणाली. मी म्हटलं, मी चाळीस वर्षांची आहे, भाग सातानं. तिनं मनात भागाकार केला आणि म्हणाली, "वयाला नाही लागू होत. वय तू कमी सांगतेस."

तुम्ही विचाराल, इतकी वर्षं हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? त्याला कारण आहे. ती पुण्याची. मी मुंबईची म्हणून मुद्दाम बोलतेय असं समजू नका, पण पुण्यात ती कुणाला वेगळी वाटलीच नाही. पाहुण्याला दार दाखवणं, एकदा विचारून डबा बंद करणं, समोरच्याचं चुकलेलं तोंडावर सांगणं, ठरलेल्या वेळेआधी आलेल्याला दाराबाहेर उभं करणं, हे सगळं तिकडे खपून गेलं. सासरचेही तिथलेच. लग्नानंतर सासूबाई म्हणे शेजारणीला म्हणाल्या, "सून सरळ आहे हो." सिंगापूरला आली आणि आजूबाजूचं पुणं निघून गेलं, तेव्हा ती एकदम उघडी पडली.

उघडी पडली ती मरीन परेडला. तिथे आमच्या ओळखीच्या एक वहिनी राहायच्या, नवरा बँकेत, कॉन्डोचा मोठा हॉल. दर संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू. त्या वर्षी वहिनींनी नवी पैठणी नेसली होती. वाण देतादेता त्या तिला म्हणाल्या, "मी जाड झालेय ना गं?"

आता सांगा, हा काय प्रश्न आहे? याचं उत्तर जगाच्या सुरुवातीपासून एकच आहे. मी चार हातांवर होते, तिळगूळ तोंडात होता, मला वेळेत ओरडताही आलं नाही.

"हो," ती म्हणाली. "दिवाळीपासून. जास्त करून दंडांवर."

आठवड्यानं आमचा एक नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. जुन्याचं नाव 'सख्या', नव्याचं 'सख्या नव्या'. जुन्यातल्या सगळ्या नव्यात आल्या, एक सोडून. मीही गेले. तिच्या बाजूनं आत कुणीतरी असावं म्हणून गेले, असं मी स्वतःला सांगितलं. तुम्ही हवं तर सातानं भागा.

जुन्या ग्रुपवर मग वाढदिवस आणि एकादशी एवढंच उरलं. ती मला एकदा बसस्टॉपवर म्हणाली, "ग्रुप हल्ली छान झालाय. कामापुरतं बोलतात." मी बसचा नंबर बघायला पुढे झाले. त्याच महिन्यात एका शनिवारी आम्ही सगळ्या ईस्ट कोस्टच्या समुद्रावर मिसळ घेऊन गेलो होतो. तिचा फोन आला, मी कापला. सोमवारी तिनं विचारलं, "शनिवारी फोन उचलला नाहीस."

"झोपले होते गं. ताप होता."

"किती?"

"एकशे चार."

तिनं भागाकार केला नाही. संध्याकाळी सूप घेऊन अकराव्या मजल्यावर आली.

चाचणीचं प्रकरण सुरू झालं ते तिच्या मुलीमुळे. मुलगी पंधरा वर्षांची, इथल्याच शाळेतली, आई मराठीत विचारायची आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. एकदा तिची मैत्रीण घरी येऊन रडायला लागली. कुणाशी तरी बिनसलं होतं. आईनं बाहेर येऊन पाहिलं, टिश्यूचा डबा समोर ठेवला आणि म्हणाली, "रडून झालं की सांग, मग जेवायला वाढते." आणि आत निघून गेली. मैत्रीण गेल्यावर मुलीनं खोलीचं दार आपटलं आणि आतूनच आईच्या फोनवर एक लिंक पाठवली. ऑटिझमची लक्षणं आपल्यात किती आहेत, हे आपलं आपण तपासायची ऑनलाइन चाचणी. अठ्ठेचाळीस प्रश्न. सोबत इथल्या पोरांच्या शेपटीवाल्या इंग्रजीत लिहिलं होतं, "ममा, जस्ट टेक द टेस्ट, ला."

दुसरी एखादी आई रडली असती किंवा रागावली असती. हिला कुणी 'टेस्ट' म्हणाल्यावर हिचे डोळे चमकले.

ती चाचणी तिनं सहा वेळा दिली. सकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर, रविवारी, बसमध्ये आणि दात दुखत असताना. उत्तर स्थिर आहे का, ते बघायला. दर वेळी पस्तीसच्या आसपास गुण आले. या चाचणीत जितके गुण जास्त तितकी लक्षणं जास्त. आपल्याकडे असली परीक्षा कुणी पाहिलेली नाही, त्यामुळे तिनं "अठ्ठेचाळीसपैकी पस्तीस" असं जाहीर केल्यावर तिचा नवरा पेपरातून मान वर न काढता "अरे वा, अभिनंदन" म्हणाला. भला माणूस.

प्रश्नांवरच तिचे आक्षेप अठ्ठेचाळीसपेक्षा जास्त होते. "हे बघ. 'तुम्हाला गर्दीत मजा येते का?' कुठली गर्दी? एमआरटी ट्रेनमधली की लग्नातली? आणि मजा कशाला म्हणायचं?" दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, ती मला एकेक प्रश्न वाचून दाखवायची. आमची चहावाली आंटी दोन चहा ठेवून जायची आणि ही चहाला हात न लावता विचारायची, "'समोरचा कंटाळला आहे हे तुम्हाला कळतं का?' आता मला कळलं नाही, तर मला कळलं नाही हे मला कसं कळणार? चुकीचा प्रश्न आहे." मी कंटाळून अर्धमेली झाले होते. तिला कळलं नाही.

पण मुख्य आक्षेप वेगळा होता. तिच्या धंद्याचा एक नियम आहे: ज्यानं प्रोग्रॅम लिहिला, त्यानं तो तपासायचा नाही. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. "मग मी माझीच चाचणी कशी देणार?" ती म्हणाली. "दुसऱ्यांनी माझ्या वतीनं द्यायला पाहिजे. तिघांनी. आणि उत्तरं जुळली पाहिजेत."

तिनं छापील प्रती काढल्या. एक नवऱ्याला, एक मुलीला, एक मला.

नवऱ्यानं ती स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून भरली. "अगं, तुला अचानक बेत बदलला की त्रास होतो का? काय लिहू?" ती आतून सांगायची, तो टिक करायचा. ते उत्तर बाद झालं. मुलीनं चार मिनिटांत भरली, एक्केचाळीस गुण. तीही बाद. "ती चिडलेली आहे. चिडलेल्या माणसाचं टेस्टिंग धरत नाहीत."

माझी प्रत माझ्याकडे दोन दिवस होती. नवरा नोकरीसाठी जकार्तात, रात्री दिवाणखान्यात मी आणि तो कागद. 'या व्यक्तीला समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का?' मी पेन हातात धरलं आणि मला ती टेबलाशी बसलेली दिसली, समोरचा चहा गार होत चाललेला. मी म्हटलं, या बयेला कशाला उगीच शिक्का? आणि मी सुटले. मनातलं ओळखता येतं: नेहमी. गप्पा मारायला आवडतं: फार. विनोद कळतात: लगेच. मैत्रिणी तिला आपल्या बेतांत घेतात का: अर्थातच. मी विक्रेती आहे. माझ्या हातात माल दिला की मी तो चढवून सांगणार. सहा गुण आले. त्या हिशेबानं तिला परराष्ट्र खात्यानं राजदूत म्हणून नेमायला हवं होतं.

तिनं तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

"माझं मी धरायचं नाही," ती म्हणाली. "नवऱ्याचं म्हणजे माझंच. मुलीचं रागाचं. उरलं तुझं. तू मला ऑफिसात बघतेस, घरी बघतेस. आणि आकडे तू वाढवतेस, पण इथे आकडे नव्हते."

मला वाटलं, सुटली बिचारी. मी त्या दिवशी स्वतःला एक आइस्क्रीम बक्षीस दिलं.

पुढचे तीन आठवडे जे झालं ते मी थाप म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला नसता. ती गोड बोलायला लागली. ऑफिसात सकाळी प्रत्येकाला "कसे आहात" विचारायची आणि उत्तर संपेपर्यंत डोळ्यांत बघत उभी राहायची, त्यामुळे दोघे आजारी रजेवर गेले. घरी पाहुणे आले की कढई घेऊन मागे लागायची. "नको" म्हटलं तरी वाढायची. आमच्या ब्लॉकमधल्या एका जोशीकाकांनी ताटावर दोन्ही हात पसरले, तर तिनं बोटांच्या फटीतून भाजी सोडली. "निघतो" म्हटल्यावर घड्याळ लावून चाळीस मिनिटं थांबवायची, बोलायचं मात्र काहीच नाही. पाहुणे आणि ती एकमेकांकडे बघत बसायचे, लोक घामाघूम व्हायचे. मरीन परेडच्या वहिनींना तिनं फोन करून सांगितलं की त्यांचे दंड बारीक आहेत. त्यांनी नव्या ग्रुपवर लिहिलं, "आता टोमणे मारायला लागली."

मी हसत होते. अगदी पोट धरून. मग एका दुपारी ती कॅन्टीनमध्ये आली नाही.

शोधत शोधत मी मागच्या जिन्यात गेले. आग लागली तर वापरायचा तो जिना, तिकडे कुणी फिरकत नाही. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये ती पायरीवर बसली होती. दहीभाताचा डबा मांडीवर, झाकण लावलेलं. चेहरा असा की आठवडाभर कुणी तिला झोपू दिलं नसावं.

"इथे काय करतेस?"

"इथे कुणाला कसे आहात विचारावं लागत नाही."

मी शेजारी बसले. ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागली, तिच्या नेहमीच्या सपाट आवाजात. "मी ती चाचणी का दिली माहितीये? लोक माझ्यावर रागावतात. लहानपणापासून. मला कारण कळत नाही, नंतर कुणीतरी सांगतं. मला बघायचं होतं की मला दिसत नाही म्हणून होतं, की दिसतं आणि मी तसं वागते. तुझ्या कागदावर लिहिलंय की मला सगळं कळतं. म्हणजे मी लोकांना मुद्दाम दुखावलं. चव्वेचाळीस वर्षं. माझ्या मुलीच्या मैत्रिणीलासुद्धा." मग थोडं थांबून, "मी इतकी वाईट असेन असं मला वाटलं नव्हतं."

आईच्या पोटातून मी बोलत बाहेर आले असं आमच्याकडे सांगतात. त्या पायरीवर माझ्याकडे तीनच शब्द होते.

"मी खोटं लिहिलं," मी म्हटलं.

"किती प्रश्नांत?"

"मोजले नाहीत."

"मोज."

पर्समधून तिनं तो कागद काढला. तीन आठवड्यांत घडीवर फाटत आला होता. जिन्यात बसून आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. ती प्रश्न वाचायची आणि मी खरं उत्तर द्यायचे. विनोद कळतात का? उशिरा, आणि मग तो विनोद का आहे ते तूच समजावून सांगतेस. अचानक बेत बदलला तर? तुझे ओठ पांढरे पडतात. ती खूण करत होती, चेहऱ्यावर काही नाही. एका माणसाला त्याच्या तोंडावर इतकं खरं सांगायची मला सवय नव्हती. मग एकतिसावा प्रश्न आला.

"'मैत्रिणी या व्यक्तीला आपल्या बेतांत सामील करून घेतात का?' तू लिहिलंयस, अर्थातच."

"नाही घेत," मी म्हटलं. "दुसरा ग्रुप आहे. हळदीकुंकवानंतर काढला. तू सोडून सगळ्या आहेत."

"किती जणी?"

"सतरा."

"भागून?"

"नाही. सतराच."

खाली कुठेतरी जिन्याचं दार उघडून बंद झालं. तिनं ते नीट ऐकून घेतलं.

"तू आहेस त्यात?"

"आहे. त्या शनिवारी मला ताप नव्हता. आम्ही ईस्ट कोस्टला होतो."

तिनं पेन उचललं, 'अर्थातच'वर एक रेघ ओढली, 'नाही' लिहिलं आणि बत्तिसावा प्रश्न वाचला. एवढंच. मला थोबाडीत बसली असती तर परवडलं असतं.

बेरीज सदतीस आली. तिनं तीनदा केली. मग मुलीचा कागद पुन्हा धरायचा ठरला, कारण तो आमच्या दोघींशी जुळत होता. "पस्तीस, सदतीस, एक्केचाळीस," ती म्हणाली. "जुळतंय." आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, डोळ्यांना दिसेल असं. तिनं डबा उघडला आणि जेवायला लागली.

"याच्याखाली लिहिलंय की हे निदान नाही," मी घाबरून म्हटलं. "डॉक्टरकडे जायचंय का? मी येते बरोबर."

"वाचलंय ते. सध्या नाही. मला फक्त बघायचं होतं की मुद्दाम करते की नाही." घास गिळून ती म्हणाली, "नाही करत."

"मी तुला त्या ग्रुपमध्ये घालते. आत्ता. नाही तर मी बाहेर पडते."

"मला नको त्यात. किती बोलता तुम्ही. तुला आवडतं तर तू राहा." डब्यातला शेवटचा घास तिनं चमच्यानं एका कोपऱ्यात गोळा केला. "आहे हे सांगायला पाहिजे होतंस."

"चिडलीस?"

तिनं विचार केला. खरोखरच तपासून बघितल्यासारखा. "हो. शुक्रवारपर्यंत राहील असं वाटतं."

शुक्रवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला, "गेला."

त्या घरात मग मुलीशी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण मुलगी मैत्रिणींना घरी आणताना दारातच सांगायला लागली, "माय मम इज लाइक दॅट वन, बट शी विल रिअली हेल्प यू." आणि आईनं स्वतः जुन्या ग्रुपवर, एकादशीच्या दोन विठोबांच्या मधोमध, लिहिलं: "मला आडून बोललेलं कळत नाही. सरळ सांगितलेलं सगळं कळतं. बसायचं असेल तर निघतो म्हणू नये." दोन दिवस त्या ग्रुपवर फक्त विठोबाच आले. मग मरीन परेडच्या वहिनी टॅक्सी करून तोआ पायोहला आल्या. पुतणीच्या लग्नासाठी तीन साड्या घेऊन. तिच्यासमोर तिन्ही उलगडल्या आणि म्हणाल्या, "खरं सांग." एक तास लागला. त्यातली एक साडी वहिनींनी तिथेच हिच्या मोलकरणीला देऊन टाकली. पुढे प्रत्येक लग्नाआधी त्या यायच्या. आरशावर त्यांचा विश्वास उरला नव्हता म्हणे.

मुलगी कॉलेजला गेली त्या वर्षी माझ्या या मैत्रिणीची म्हातारी आई पुण्यात घरात पडली. सोबतीला कुणी नव्हतं. तिनं एका आठवड्यात परत जायचं ठरवलं, महिन्यात सामान बांधलं. आम्ही मोठा निरोप समारंभ ठरवला, सतराजणी, भाषणं. तिनं आधीच कळवलं की ती पंचवीस मिनिटं थांबेल. पंचवीस थांबली. जाताना माझ्या हातात एक बंद लिफाफा दिला. "घरी जाऊन बघ," म्हणाली, आणि टॅक्सीत बसली. हात हलवला नाही. ड्रायव्हरला रस्ता सांगत होती.

लिफाफ्यात तीच चाचणी होती. अठ्ठेचाळीस प्रश्न, माझ्या नावानं, तिनं भरलेले. समासात बारीक पेन्सिलीनं निरीक्षणं.

'ही व्यक्ती मोठ्यानं बोलते का?' हो. नवरा जकार्ताहून घरी येतो त्या आठवड्यात कमी.

'या व्यक्तीला इतरांचं दुःख कळतं का?' हो. पण लगेच काहीतरी करायला जाते.

'घडलेल्या गोष्टी सांगताना बदल करते का?' हो. दुःखात असली की जास्त. वडील गेले त्या आठवड्यात कालव्यात मगर पाहिली असं सगळ्यांना सांगत होती. ती घोरपड होती. मी तेव्हा दुरुस्त केलं नाही.

मी सोफ्यावर बसले. वडील गेले तेव्हा ऑफिसात मी एकही दिवस रजा घेतली नव्हती, तिकीट मिळालं नाही म्हणून. सगळे म्हणायचे, कशी खंबीर आहे, अजून हसवते. मगरीची गोष्ट मी त्या आठवड्यात निदान साठजणांना सांगितली असेल. ठीक आहे, नऊ.

चाळिसावा प्रश्न कोरा होता. 'या व्यक्तीला एकटं राहायला आवडतं का?' समासात लिहिलं होतं: "माहीत नाही. इतक्या वर्षांत मी विचारलं नाही. पोचले की फोन कर."

ती पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. पुण्यात दुपार होती, मागे तिची आई कुणाला तरी हाका मारत होती.

"हां, बोल."

"चाळिसावा," मी म्हटलं.

"हं."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. उत्तम उत्तर होतं, त्यात मी, एक हिमालय आणि सहा महिन्यांचं मौनव्रत होतं. समोर माझा दिवाणखाना होता, नवऱ्याच्या चपला दाराशी तीन आठवडे हललेल्या नव्हत्या, आणि पलीकडे ती थांबली होती. ती कितीही वेळ थांबू शकते.

"नाही आवडत," मी म्हटलं.

कागदाची सळसळ ऐकू आली. मग पेन्सिल.

"लिहिलं," ती म्हणाली.